जनुकपेढीतील ज्वारी : जतन आणि पारख

जनुकपेढीत ज्वारीचा एक नमुना म्हणजे पाकिटातले बियाणे आणि त्या बियाण्याची नोंद. बियाणे मेले तर नोंदीचा उपयोग संपतो. नोंद हरवली तर बियाणे उगवते, पण ते कुठले, कोणाच्या शेतातले, कशासाठी पेरले जाणारे, हे सांगता येत नाही. तेलंगणातील पटनचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या पेढीत ज्वारीचे ४० हजारांहून अधिक नमुने आहेत आणि ते ९० हून अधिक देशांतून आले आहेत. अशा संग्रहावर काम करणाऱ्यांच्या अनुभवाला लवकरच येणारी गोष्ट ही, की बियाणे थंडीत ठेवणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग असतो. दर काही वर्षांनी ते बियाणे बाहेर काढून शेतात पेरावे लागते, कापून पुन्हा आत ठेवावे लागते आणि तरीही ते पहिल्या दिवशी जे होते तेच राहावे लागते. जतनाचा सगळा खटाटोप या अटीभोवती फिरतो.

संग्रहाची सुरुवात

इक्रिसॅटची स्थापना १९७२ची, पण ज्वारीचा संग्रह त्याहून जुना आहे. १९६०च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय कृषी संशोधन यंत्रणा यांनी मिळून जगभरातील ज्वारीचे वाण भारतात एकत्र केले. हैदराबादजवळच्या राजेंद्रनगर येथे ते ठेवले होते. १६ हजारांवर नमुन्यांना ‘आयएस’ हा आद्याक्षरांचा क्रमांक मिळाला आणि तो आजही चालू आहे. १९७४ मध्ये हा संग्रह इक्रिसॅटकडे आला तेव्हा मात्र त्यातले सुमारे नऊ हजारच नमुने हाती लागले. दीर्घ मुदतीच्या साठवणीची नीट सोय नसेल तर उष्ण प्रदेशात बियाणे किती झपाट्याने संपते, याचा तो धडा होता. बेपत्ता नमुन्यांच्या जोड्या अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ, फोर्ट कॉलिन्स येथील राष्ट्रीय बियाणे प्रयोगशाळा आणि प्वेर्तो रिकोतील मायाग्वेझ येथे शोधाव्या लागल्या. त्यातले बरेच परत मिळाले, कारण कोणीतरी कधीतरी दुसरा संच दुसरीकडे पाठवून ठेवला होता.

त्यानंतर आफ्रिका आणि आशियात प्रत्यक्ष फिरून नमुने गोळा करण्याचा काळ आला. त्याला घाई होती. १९५४ मध्ये अमेरिकेत मायलो आणि काफिर या ज्वारीगटांच्या संकरातून नरवंध्यत्वाची पद्धत हाती आली आणि संकरित ज्वारीचे बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. भारतात १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. महाराष्ट्रात खरिपाच्या ज्वारीत संकरित वाण वेगाने पसरले आणि गावोगावचे खरिपाचे गावरान वाण तितक्याच वेगाने मागे पडले. रब्बीत तसे झाले नाही. ओसरत्या ओलीवर वाढणारी, भाकरीला गोड, कडब्याला भरपूर अशी मालदांडी संकरित वाणांना हटली नाही. एकाच पिकाच्या दोन हंगामांत असे दोन वेगळे निकाल लागले. म्हणून जतनाची निकड कुठे आधी आहे हे पिकाच्या नावावरून ठरवता येत नाही. हंगाम आणि वापर पाहावा लागतो.

शेतातून पेढीकडे

नमुना गोळा करणारा शेतात शिरतो तेव्हा त्याचा हात आपोआप सर्वांत मोठ्या, भरल्या कणसाकडे जातो. शेतकरीही पाहुण्याला तेच कणीस काढून देतो. पेढीला मात्र शेताचा सरासरी चेहरा हवा असतो. म्हणून चालता चालता ठरावीक पावलांवर येईल ते कणीस घ्यायचे, ही शिस्त पाळावी लागते. मार्शल आणि ब्राऊन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार शेतात पाच टक्क्यांहून अधिक प्रमाणात असणारी जनुकरूपे पकडायला पन्नास ते शंभर झाडांचा नमुना पुरतो. त्याहून मोठा नमुना घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढच्या गावात दुसरा घेणे फायद्याचे.

बाजारातून विकत घेतलेली ज्वारी दिसायला चांगली असते, पण तिचे गाव व्यापाऱ्याच्या गोणीत हरवलेले असते. दहा शेतांची ज्वारी एका ढिगात आलेली असते. असा नमुना नाइलाजानेच घ्यावा आणि नोंदीत ‘बाजार’ असे स्पष्ट लिहावे, हा रिवाज आहे. जुन्या नोंदींत गावाचे नाव इंग्रजी लिपीत तीन प्रकारे लिहिलेले, जिल्हा वगळलेला, अक्षांश-रेखांश नाहीतच, असे वारंवार आढळते. पुढे उपग्रहांवरून ठिकाण नोंदवणारी यंत्रे आली आणि ही अडचण सरली, पण आधीचे हजारो नमुने जुन्या नकाशांवर एकेक करून बसवावे लागले. ही टेबलावरची मेहनत कुणाला दिसत नाही. मात्र पावसाचे आणि तापमानाचे आकडे नमुन्याशी जोडायचे झाले तर सगळे तिच्यावरच अवलंबून असते.

शेतकऱ्याकडून घ्यायची माहिती बियाण्याइतकीच महत्त्वाची असते. महाराष्ट्रात भाकरीची ज्वारी वेगळी, लाह्यांची वेगळी आणि हुरड्याची वेगळी. गुळभेंडी आणि कुचकुची ही नावे हुरड्यासाठी घेतली जातात. हुरड्याची ज्वारी वाळल्यावर पाहिली तर तिचा खास गुण दिसतच नाही. दाणा चिकात असताना गोड लागतो, तुसातून सहज सुटतो, हे बाईमाणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. ज्या पथकांनी फक्त उभ्या पुरुष शेतकऱ्याशी बोलून नोंद केली, त्यांच्या नोंदींत उंची आणि उत्पादन आले, चव आणि रांधण आली नाही.

वाळवण आणि थंडी

ज्वारीचे बियाणे वाळवून थंडीत ठेवता येते. या गटातल्या बियाण्यांबाबत हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम बीजशास्त्रात शिकवला जातो. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने घटला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, की आयुष्य साधारण दुप्पट होते. नियम मर्यादित पल्ल्यातच चालतो, पण त्यातून कामाचा क्रम ठरतो. आधी वाळवायचे, मग थंड करायचे. ओले बियाणे गोठवले तर ते मरते.

वाळवण उन्हात होत नाही. सुमारे १५ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत बियाणे पसरून ठेवतात आणि ओलावा हळूहळू उतरू देतात. घाई केली तर वरचा थर वाळतो, आतला गर ओला राहतो. मग दोन प्रकारची साठवण होते. रोजच्या वाटपाचा संच सुमारे चार अंशांच्या खोलीत ॲल्युमिनियमच्या डब्यांत राहतो. मूळ संच हवा काढलेल्या, अस्तर लावलेल्या पाकिटांत उणे २० अंशांवर जातो आणि शक्यतो हलवला जात नाही. थंड पाकीट बाहेर काढल्या काढल्या फोडले तर हवेतली वाफ बियाण्यावर बसते आणि कित्येक दिवसांची वाळवण वाया जाते. म्हणून पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसेच ठेवायचे, हा नियम शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगितला जातो.

दर काही वर्षांनी उगवण तपासतात. ओल्या कागदावर मोजून दाणे ठेवायचे, चौथ्या दिवशी पहिली आणि दहाव्या दिवशी शेवटची मोजणी करायची. नुसते अंकुर मोजून भागत नाही. मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असलेले रोप तेवढे धरायचे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४च्या मानकांनुसार साठवताना उगवण ८५ टक्क्यांवर असावी आणि ती सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांखाली आली की बियाणे नव्याने वाढवावे. ही रेषा मुद्दाम वर ठेवली आहे. उगवण निम्म्यावर येईपर्यंत थांबले तर उरलेली निम्मी झाडे मूळ वाणाचे खरे प्रतिनिधी असतीलच असे नाही. साठवणीत तगून राहण्याचा गुण काही झाडांत अधिक असतो, आणि उशीर करणारा माणूस नकळत त्या गुणाची निवड करत असतो.

पुन्हा पेरताना

नूतनीकरणासाठी केलेली पेरणी हा नमुन्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ. पेढीत वीज गेली तर पर्यायी जनित्र असते. शेतात एका लेबलची अदलाबदल झाली, तर ती चूक पुढे अनेक दशके कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्वारी मुख्यतः स्वपरागी आहे, तरी ५ ते १५ टक्के परागीभवन शेजारच्या झाडाकडून होते आणि सैल कणसांच्या गिनी गटात त्याहून अधिक. शेजारी शेजारी शेकडो वाणांच्या ओळी असलेल्या शेतात एवढे प्रमाण संग्रहाची सरमिसळ करायला पुरेसे आहे. म्हणून प्रत्येक कणीस निसवले की फुलण्यापूर्वी त्यावर जाड कागदाची पिशवी चढवतात. ज्वारीचे कणीस शेंड्याकडून खाली फुलत जाते. एक दिवस उशीर झाला आणि शेंड्यावर फुले उमललेली दिसली, तर तेवढा भाग कात्रीने छाटून मग पिशवी घालतात. दाणे भरू लागले की पिशवी काढावी लागते, नाहीतर आत मावा, अळ्या आणि बुरशी यांना आयता आसरा मिळतो. बाजरीचे गणित वेगळे. तिच्यात स्त्रीकेसर आधी बाहेर येतो, पराग नंतर पडतो, त्यामुळे परपरागीभवन हाच तिचा स्वभाव. तिथे एकाच नमुन्यातल्या शेजारच्या झाडांची कणसे एका पिशवीत घेऊन आपसात परागीभवन होऊ देतात. एका झाडाला स्वतःच्याच परागावर ठेवले तर पुढची पिढी खुरटते. गहू आणि भात या बाबतीत कमी त्रासाचे. त्यांना अंतर आणि स्वच्छ मळणी एवढे बहुधा पुरते.

हंगामाची निवडही जतनाचाच भाग आहे. पटनचेरू साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताजवळच्या अनेक गावरान ज्वाऱ्या दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. खरिपात पेरल्या तर त्या माणसाच्या दुप्पट उंच वाढतात, लोळतात आणि फुलोऱ्यावर फार उशिरा येतात. रब्बीत त्याच ज्वाऱ्या आवाक्यात राहतात, वेळेवर निसवतात आणि दाणे भरताना पाऊस नसल्याने बुरशीपासून वाचतात. म्हणून नूतनीकरण शक्यतो रब्बीत, काळ्या जमिनीत करतात.

प्रत्येक नमुन्याची शंभराच्या आसपास झाडे असावीत असा सर्वसाधारण दंडक आहे. त्या झाडांतून सारखेच बियाणे घ्यायचे. जोमदार झाडातून ओंजळभर आणि किडक्या झाडातून चिमूटभर घेतले, तर पुढच्या पिढीत जोमदार झाडांची संतती वाढते आणि वाण हळूहळू बदलतो.

सर्वांत अवघड निर्णय वेगळ्या दिसणाऱ्या झाडाचा असतो. ओळीत ऐंशी झाडे पांढऱ्या दाण्याची आणि दोन तांबूस दाण्याची दिसली, तर ती दोन काढायची की ठेवायची? बियाणे कंपनीच्या शेतात उत्तर सोपे आहे, कारण तिथे शुद्धता विकली जाते. गावरान वाण मुळात एकसारखा नसतो. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या त्या वेगळेपणासाठीच तो पेढीत आलेला असतो. तांबूस दाण्याची ती दोन झाडे मूळ वाणाचा हक्काचा भाग असू शकतात किंवा मागच्या नूतनीकरणात शेजारून आलेली सरमिसळ असू शकते. अशा वेळी मूळ बियाण्याचा जपून ठेवलेला छोटा नमुना, पहिल्या लागवडीतल्या नोंदी आणि आता डीएनए चाचणी यांच्याशी ताडून पाहतात. नवख्या माणसाला शेत नीटनेटके करण्याचा मोह होतो. मुरलेला माणूस आधी जुनी वही उघडतो आणि संशय फिटला नाही तर झाड न उपटता त्यावर खूण करून ठेवतो. स्वच्छ दिसण्याच्या नादात अनेक संग्रहांतली विविधता कोणाच्या लक्षात न येता घटली आहे, हा जगभरच्या पेढ्यांचा अनुभव आहे.

वर्णन

नमुना पेढीत आल्यावर त्याचे गुणवर्णन होते. कोणत्याही हवामानात फारसे न बदलणारे गुण आधी येतात : कणसाचा घट्टपणा आणि आकार, तुसाचा रंग आणि त्याने दाणा किती झाकला आहे, दाण्याचा रंग, कुसळ, मधल्या शिरेचा रंग. ज्वारीच्या वर्गीकरणाला सुटसुटीतपणा आला तो हार्लन आणि डी वेट यांच्या १९७२च्या पद्धतीने. बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुरा हे पाच मूळ गट आणि त्यांच्या जोड्यांतून दहा मधले गट, असे एकूण पंधरा. पिकलेल्या कणसातला दाणा आणि तूस हाती आले की शेतात उभ्या उभ्या गट सांगता येतो. भारतातली बहुतेक गावरान ज्वारी दुरा गटातली, घट्ट कणसाची आहे. मालदांडीही त्यातलीच. पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी पट्ट्यातली गिनी सैल कणसाची असते. तिच्यातून पाणी निथळते, वारा खेळतो, म्हणून दाण्यावर बुरशी कमी धरते. गटाचे नाव कळले की हवामानाचा अर्धा अंदाज येतो.

उंची आणि फुलोऱ्याचे दिवस या गुणांना मात्र हंगामाचा पत्ता लागतो. एकच नमुना खरिपात साडेतीन मीटर आणि रब्बीत दोन मीटर भरू शकतो. म्हणून हे दोन गुण दोन्ही हंगामांत वेगवेगळे नोंदवतात. हंगाम न लिहिलेली उंची कितीही बारकाईने मोजलेली असली तरी निरर्थक असते.

मूल्यमापन

कीड, रोग, दुष्काळ, पोषण यांच्या कसोटीवर नमुना लावून पाहणे हे मूल्यमापन. इथे अडचण अशी की निसर्गातली कीड सर्व ओळींवर सारखी पडत नाही. एखादी ओळ निरोगी दिसली तर ती प्रतिकारक आहे की त्या कोपऱ्यात कीड पोचलीच नाही, हे कळत नाही. म्हणून प्रादुर्भाव मुद्दाम घडवावा लागतो.

खोडमाशीच्या चाचणीत बळी पडणाऱ्या वाणाच्या काही ओळी सुमारे तीन आठवडे आधी पेरतात. त्यांवर माशीची पैदास होते. मग मधल्या जागेत तपासायचे नमुने पेरतात आणि मासळीची भुकटी टाकून माश्यांना ओढून आणतात. शेतात कुबट वास सुटतो, पण प्रत्येक ओळीला माशीचा सारखा सामना करावा लागतो. नंतर पोंगेमर झालेली रोपे मोजतात. इथिओपियातला आयएस १८५५१ हा नमुना अशा चाचण्यांतून प्रतिकारक म्हणून पुढे आला आणि आता तो तुलनेसाठी नेहमी वापरला जातो. प्रतिकारक नमुन्यांची रोपे ओळखू येतात. पाने फिकट आणि तकतकीत, खालच्या बाजूला बारीक लव, रोपाची सुरुवातीची वाढ जोमदार. माशीला अंडे घालायला आणि अळीला पोंग्यात उतरायला त्यामुळे अडथळा येतो.

रब्बी ज्वारीतल्या खडखड्या रोगासाठी दात कोरण्याच्या काडीवर बुरशी वाढवतात आणि फुलोऱ्यानंतर ती काडी ताटाच्या खालच्या पेरात टोचून पाणी तोडतात. ही बुरशी ताणात सापडलेल्या झाडालाच खरी खाते, त्यामुळे पाणी तोडल्याशिवाय चाचणी होत नाही. याच ठिकाणी दुष्काळाचा आणि रोगाचा संबंध उघड होतो. दाणे भरताना पाने हिरवी राखणारी झाडे बहुधा ताटानेही मजबूत राहतात. या गुणाचा सर्वांत जास्त वापरला गेलेला स्रोत बी ३५ हा वाण इथिओपियातल्या आयएस १२५५५ या दुरा ज्वारीपासून काढला आहे. त्यातले हिरवेपणाचे जनुकभाग पुढे मालदांडीतून निवडलेल्या एम ३५-१ मध्ये उतरवण्याचे प्रयोग झाले. दाण्यावरच्या बुरशीसाठी उलट उपाय करतात. फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत तुषार सिंचनाने कणसे ओली ठेवायची आणि एक ते नऊ या पट्टीवर गुण द्यायचे.

या सगळ्या चाचण्यांत नमुने हजारोंनी असतात आणि बियाणे थोडे. प्रत्येक नमुना चार-चार वेळा पेरणे शक्य नसते. मग नमुने एकदाच पेरून त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर ओळखीचे वाण पुन्हा पुन्हा पेरतात आणि त्यांच्या कामगिरीवरून जमिनीचा चढउतार काढून टाकतात. फेडरर यांनी १९५६ मध्ये मांडलेली ही आखणी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ अशा चाचण्यांत वारंवार तुलनेचा वाण असतो.

गुण देणारे डोळे हेही या कामातले उपकरण आहे. सकाळच्या उन्हात तीन गुण दिलेली ओळ दुपारी चार वाटते. दोन माणसांच्या पट्ट्या जुळत नाहीत. म्हणून एक प्रयोग एकाच माणसाने, एकाच वेळी, तुलनेच्या वाणापाशी परत परत थांबून तपासावा, असा संकेत आहे. तरीही शंका राहते आणि ती नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग.

चाळीस हजारांतून दोनशे बेचाळीस

एवढा मोठा संग्रह कोणाही पैदासकाराला हाताळता येत नाही. ऑटो फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये गाभा-संग्रहाची कल्पना मांडली. साधारण दहा टक्के नमुने अशा रीतीने निवडायचे, की बहुतांश विविधता त्यांत यावी. इक्रिसॅटमध्ये ज्वारीचा २,२४७ नमुन्यांचा गाभा-संग्रह आणि त्यातून २००९ मध्ये २४२ नमुन्यांचा लघुगाभा तयार झाला. करपा, तांबेरा, केवडा, दाण्यावरची बुरशी, खडखड्या यांच्या चाचण्या या २४२ नमुन्यांवर झाल्या आणि प्रतिकारक नमुने हाती आले. संग्रहाचा वापर वाढवण्यात या कल्पनेचा वाटा मोठा आहे.

तिला एक बाजू आणखी आहे. गाभ्यात न आलेले नमुने विस्मरणात जाण्याचा धोका असतो, आणि दुर्मिळ जनुक नेमका तिथे असू शकतो. २०१३ पासून अमेरिकेत आणि नंतर हायतीत उसावरचा मावा म्हणून ओळखली जाणारी कीड ज्वारीवर आली. हायतीतले पीक जवळपास कोसळले. पुढे जे वाण तगले त्यांच्यातला प्रतिकार एका जनुकापर्यंत पोचला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचे मूळ इथिओपियातल्या गावरान ज्वारीत दाखवले. ती ज्वारी अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेल्या देवाणघेवाणीतून पैदासकारांच्या हाती आली होती. अमेरिकेत १९६३ पासून उंच, उशिरा फुलणाऱ्या उष्ण प्रदेशीय ज्वाऱ्यांना बुटके आणि लवकर येणारे रूप देण्याचा कार्यक्रम चालला होता, त्याचा यात हात होता. नमुना गोळा करताना, वाळवताना, पेरताना कोणाच्याही मनात ही कीड नव्हती. मूल्यमापन आजच्या प्रश्नांची उत्तरे शोधते. पुढचा प्रश्न कोणता असेल हे त्याला माहीत नसते, म्हणून आज निरुपयोगी वाटणारा नमुना टाकून देण्याचा अधिकार पेढीला नसतो.

दुसरा संच, कायदा आणि परतफेड

राजेंद्रनगरचा धडा पुढे नियम बनला. प्रत्येक नमुन्याची एक जोडी दूर, वेगळ्या देशात असावी. नॉर्वेतल्या स्वालबार येथे २००८ मध्ये उघडलेल्या भूमिगत कोठारात इक्रिसॅटनेही आपले संच पाठवले. त्या कोठारातून पहिली उचल २०१५ मध्ये झाली. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची पेढी हाताबाहेर गेली आणि इकार्डा या संस्थेने गहू, बार्ली व कडधान्यांचे आपले संच परत मागवून मोरोक्को आणि लेबनॉनमध्ये वाढवले. २०१७ मध्ये तिने नव्या बियाण्यांची जोडी पुन्हा स्वालबारला पाठवली. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत दीर्घ मुदतीचा संग्रह आहे, आणि लडाखमधल्या चांग ला या खिंडीजवळ २०१० पासून नैसर्गिक थंडीचा उपयोग करणारे कोठार आहे.

बियाण्याच्या मालकीचा प्रश्न याच काळात बदलला. १९९२च्या जैवविविधता कराराने देशांचा आपल्या जैवसंपत्तीवरचा हक्क मान्य केला. १९९४ मध्ये इक्रिसॅटसारख्या संस्थांनी आपले संग्रह जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली विश्वस्त म्हणून ठेवले. पिकांच्या जनुकसंपत्तीविषयी २००४ मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय तहात ज्वारी समाविष्ट आहे. मागणी करणाऱ्याला आता ठरावीक करारावर सही करून काही ग्रॅम बियाणे मिळते, सोबत पीक-आरोग्याचा दाखला लागतो. बियाणे घेणाऱ्याने त्यावर काय पाहिले ते पेढीला कळवावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात फार थोडे कळवतात. हजारो ठिकाणी झालेल्या निरीक्षणांचा मोठा भाग वह्यांतच राहतो, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी गळती आहे.

पेढीतून बियाणे उलट दिशेनेही जाते. इथिओपिया, केनिया, कॅमेरून, नायजेरिया, सोमालिया, सुदान या देशांना त्यांच्याच भूमीतून आलेल्या ज्वारीचे संच इक्रिसॅटने परत दिले आहेत. यादवी, दुष्काळ किंवा निधीअभावी तिथले संग्रह विस्कटले होते. नोंद नीट नसती तर कोणते बियाणे कुठे परत द्यायचे हेच ठरवता आले नसते.

शेतात चालू असलेला बदल पेढी थांबवत नाही, फक्त एका क्षणाची प्रत जपते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या शेतात मालदांडी दरवर्षी नव्या ऊन-पावसाला तोंड देत बदलत राहते, आणि पेढीतली मालदांडी गोळा केल्या दिवशीच्या अवस्थेत राहते. दोन्हींची तुलना करता येते तेव्हा जतनाचा वेगळाच उपयोग दिसतो. नायजरमध्ये १९७६ साली गोळा केलेली बाजरी आणि २००३ साली त्याच भागांतून पुन्हा गोळा केलेली बाजरी शेजारी शेजारी पेरली गेली. नवी बाजरी थोडी आधी फुलत होती आणि लवकर फुलण्याशी संबंधित जनुकरूपाचे प्रमाण तिच्यात वाढले होते. साहेलमध्ये १९७०च्या दशकापासून पडलेल्या दुष्काळांत शेतकऱ्यांच्या शेतातले पीक कसे सरकले, याचा तो मोजलेला पुरावा होता. हा पुरावा मिळाला, कारण १९७६चे बियाणे जिवंत होते, त्याच्या पाकिटावरचे गाव खरे होते आणि मधल्या काळात त्यात दुसऱ्या कशाची सरमिसळ झालेली नव्हती. जनुकपेढीच्या कामाची पारख या तीन अटींवरच होते.